कुलूप शाळेला, सभा चावडीत

२३ जून १९५७, रविवार

पिंपळखोरीच्या आईबापांनो, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या गावात आपल्या भाषेची शाळा नव्हती. जी मिळाली ती आपण भांडून मिळवली. आज तिला कुलूप आहे, आणि या वेळी किल्ली निजामाच्या खिशात नाही, आपल्याच खिशात आहे.

भाषणाची सुरुवात अशी करावी. ‘आपल्याच खिशात’ म्हटल्यावर क्षणभर थांबावे.

काल सोलापूरहून परत आलो. तिथल्या वाचनालयात ‘प्राथमिक शिक्षण आणि लोकशाही’ या विषयावर सभा होती. मीही बोललो. हॉल गच्च भरला होता, ध्वनिक्षेपक नव्हता, शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवण्यासाठी ताणून बोलावे लागले. शहरात तापाची साथ जोरात आहे. गिरण्यांत मागाजवळ माणसे नाहीत. वर्तमानपत्रे म्हणतात की हा नव्या जातीचा फ्ल्यू असून तो पूर्वेकडून जहाजाने मद्रासला उतरला आणि तिथून आगगाडीने देशभर गेला. नळदुर्गपर्यंत मोटारीत उभ्याने आलो, पुढे पायी. अंग मोडून आले आहे आणि घसा पार बसला आहे. सोलापूरला फार ताणून बोललो.

शाळा उघडायला पंधरा दिवस उशीर झालाच आहे. वरच्या कचेरीने हात झटकले आहेत. साथ पाहून गावच्या शाळा समितीने ठरवावे, असे कळवले आहे. समितीचे अध्यक्ष रामलिंगअप्पा. त्यांचे किराणा आणि कापडाचे दुकान आहे. चिटणीस म्हणजे शाळेचे एकुलते एक मास्तर, लालमहंमद गुरुजी. मी नुसता सभासद. तरी अप्पा मला ‘पुढारी’ म्हणतात आणि त्यात टोमणा असतो.

यंदा गावाबाहेरच्या वस्तीतल्या मुलांची नावे पहिल्यांदाच पटावर आली. त्यासाठी मी उन्हाळाभर वस्तीत फिरलो. कुलूप आणखी महिनाभर राहिले तर ही मुले शेळ्यांमागे जातील आणि पुन्हा हाती लागणार नाहीत. अप्पांच्या नातवंडांना शिकवायला नळदुर्गहून माणूस येतो. कुलूप एकच आहे, पण सगळ्यांना सारखे नाही. हे वाक्य भाषणात घ्यावे.

२४ जून

पत्नी तारामतीने काढा दिला. देताना म्हणाली, “शाळेच्या ह्या भांडणात गुरुजींना लई वढू नका.”

“का?”

“त्यांच्या बिबीजानला आठवा लागलाय. आधीची दोन हाताला लागली न्हाईत, ठाव हाय ना तुम्हाला? पोरं शिंकत येणार, अन् गुरुजी तेच घिऊन घरी जाणार.”

मी विचारले, “एका घरासाठी सगळ्या गावानं थांबायचं का?”

“थांबा म्हनलं न्हाय म्या. आठवण दिली.” आणि पेला घेऊन आत गेली.

मुद्दा नोंद करण्यासारखा आहे. पण बाळंतपण ही खाजगी गोष्ट आहे. ती सभेत कोणी काढू शकत नाही, आणि जो मुद्दा सभेत काढता येत नाही त्यावर सार्वजनिक निर्णय कसा घ्यावा, हे मला कळत नाही. गुरुजी स्वतः काही बोलले नाहीत. ते बोलणारही नाहीत. पोलीस ॲक्शननंतर उर्दू शिकवणाऱ्यांवर गदा आली, तेव्हा मी त्यांच्यासाठी उस्मानाबादला जाऊन कचेरीत भांडलो होतो. चाळिशीत पोचलेल्या त्या माणसाने मग मुलांच्या पुस्तकांवरून मराठी गिरवले. तेव्हापासून ते माझा शब्द मोडत नाहीत. हे चांगले की वाईट, हेही मला नीट ठरवता आलेले नाही.

२७ जून, गुरुवार

चावडीत सभा झाली. घरटी एक माणूस या हिशेबाने बोलावले होते, आले त्याहून जास्त. पाऊस आत येऊ लागला म्हणून दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. एकाच जाजमावर सगळे मांडीला मांडी लावून बसले होते. इतक्या लोकांना एका जागी एका प्रश्नासाठी बसलेले पाहिले की मला बरे वाटते.

मी तासभर बोललो. माझी जुनी सवय आहे, बोलताना डावा हात शेजारी बसलेल्या गुरुजींच्या खांद्यावर असतो. घसा कोरडा पडला की त्यांच्यापुढचाच पेला उचलतो. आज मधेमधे खोकला येत होता. पण खोकल्याने सभा क्षणभर थांबते आणि पुढच्या वाक्याची वाट पाहते, हे ध्यानात आले.

अप्पा म्हणाले, “पुढारी, तुमची पोरं मोठी झाली, पुण्याला गेली. तुमचं काय जातंय शाळा उघडा म्हणायला?”

“तुमच्या नातवांचं काय जातंय शाळा बंद ठेवायला? त्यांना माणूस येतो की घरी.”

लोक हसले. अप्पाही हसले. मग त्यांनी आपली सूचना मांडली. शाळा उघडावी, गावातली मुले आत बसवावीत, वस्तीतली मुले महिनाभर ओट्यावर बसवावीत. “रोगराई कुठनं येती कुणी सांगावं? साथ सरली की बघू,” असे त्यांनी जोडले.

वस्तीतली माणसे तेव्हा चावडीच्या पायऱ्यांवर, पागोळीखाली उभी होती. त्यांना आत या असे कोणी म्हटले नव्हते. त्यातला धोंडीबा बाहेरूनच म्हणाला, “आप्पा, आमाला अजून ओटा बी घावला न्हाय, आमी पायरीवरच हाव. पर हितं वारा झकास हाय.”

गुरुजींना विचारले. त्यांनी कागद काढून हळू वाचले, “एक दिस निम्मी पोरं, दुसऱ्या दिशी निम्मी. खोलीत न्हाय, शाळेमागच्या चिंचेखाली. पाऊस आला की सुट्टी.”

मी म्हणालो, “अर्धी शाळा म्हणजे अर्धा हक्क. अर्धा हक्क आपण पुष्कळ वर्षे भोगला.” टाळ्या पडल्या. गुरुजींनी कागदाची घडी घातली.

निर्णय झाला नाही. अप्पांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला.

१ जुलै

ताप गावात आला. अप्पा अंथरुणावर आहेत. गुरुजी सोडून समितीतले बाकीचेही पडले आहेत. गुरुवारी चावडीत पुढे बसलेले बहुतेक घरी कण्हत आहेत. मला काही नाही, माझा घसाही आता मोकळा झाला. नळदुर्गच्या बाजारातून आले असणार, हैदराबादचे ट्रक तिथे थांबतात.

आज वस्तीत जाऊन आलो. तिथे एकही माणूस आजारी नाही. ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. वस्तीतून रोग येतो हे अप्पांचे म्हणणे यामुळे पुरते खोटे ठरले. आता त्या मुलांना ओट्यावर बसवायला कोणताही आधार उरला नाही. आणि मुलांनाच काय, मोठ्यांनाही पायरीवर उभे करायला उरला नाही. पुढच्या सभेत हाच मुद्दा धरायचा.

तारामती म्हणाली, “नदीवर बाया काय म्हणत्यात सांगू? बब्रुवानराव बोललं की गाव खोकतं.”

लोक माझी चेष्टा करू लागले म्हणजे भाषण घराघरात पोचले आहे. मी तसे म्हणालो. 

दोन दिवस रशियातल्या खेड्यांमधल्या शाळांवरचे एक पुस्तक वाचतो आहे. तिथे बर्फात शाळा चालतात. आपल्याकडे चिंचेखाली शाळा घ्यायची म्हटले तर पावसाचे कारण निघते, असा एक टोला सुचला. मग आठवले की चिंचेला विरोध मीच केला होता.

५ जुलै, शुक्रवार

आजची सभा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सभांपैकी एक.

कचेरीकडून नवे परिपत्रक आले होते. पाणी उकळावे, खोकताना तोंडापुढे फडके धरावे, गर्दी टाळावी. गावात वाचता येणारे थोडे, म्हणून सर्वांना एकदमच बोलावून ते मोठ्याने वाचून दाखवले.

नंतर मी उठून पायऱ्यांपाशी गेलो आणि धोंडीबाला म्हणालो, “आत चल. सगळे आत चला.”

तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या दादा. हितं बरं हाय. आत लई उकडतं.”

“प्रश्न उकडण्याचा नाही, धोंडीबा.”

“आमाला ठाव हाय कशाचा हाय त्यो. पर आज नगं.”

मी त्याचा हात धरला आणि आत आणले. बाकीचे त्याच्या मागोमाग आले. कोणी उठून गेले नाही. अप्पा शाल पांघरून मागे बसले होते, तापाने उतरले आहेत, त्यांनी मान दुसरीकडे वळवली पण तेही बसून राहिले. धोंडीबाशेजारी जाजमावर बसलो आणि सर्वांना दिसेल असे, सभेतून फिरत आलेल्या एकाच पेल्यातून आम्ही दोघे पाणी प्यालो. चावडीत असे कधी झाले नव्हते. ते मी पाहिले याचे मला समाधान आहे.

धोंडीबा बोलला तेही चांगले बोलला. म्हणाला, “शाळा उघडा म्हणता, उघडा. पर आप्पांच्या नातवाला ताप चढला तर गाडी जुंपून नळदुर्गाच्या दवाखान्यात नेत्याल. माझ्या पोराला म्या पाठीवर नेऊ का? आजार सगळ्यांला सारखा, गाडी न्हाय.” कुलपाबद्दलच्या माझ्या वाक्याच्याच जातीचे वाक्य आहे. भाषणात वापरावे.

मी त्याला म्हणालो की म्हणूनच शाळा हवी, तुझा मुलगा शिकला तर पुढे त्याच्या मुलाला गाडी असेल. तो म्हणाला, “त्यो जगल्यावर.” 

शेवटी मी गुरुजींकडे वळलो. “गुरुजी, तुम्ही स्वतः उठून सांगा. शाळा उघडायला तुम्हाला भीती वाटते का?” सगळी सभा त्यांच्याकडे पाहू लागली. ते उभे राहिले. टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, “समिती म्हणंल तसं.” मी म्हणालो, “भीती वाटते की नाही, एवढंच सांगा.”

“न्हाय, साहेब.”

ठराव मंजूर झाला. सोमवार, १५ जुलैला शाळा उघडायची, सर्व मुलांसाठी, सर्व मुले आत. तारामतीला सांगितले. तिने विचारले, “गुरुजी काय बोलले?” मी सांगितले. ती म्हणाली, “इतक्या बाप्यांपुढं माणूस दुसरं काय बोलणार?”

९ जुलै

वस्तीत ताप आला आहे. एका घरात नाही, एकदम चार-पाच घरांत. धोंडीबाचा मुलगाही पडला.

अप्पा ओट्यावरून मला हाक मारून म्हणाले, “काय पुढारी, वस्तीत ताप न्हाय ना?” त्यांच्या आवाजात आनंद नव्हता हे मला कबूल केले पाहिजे. थकलेल्या माणसाचा आवाज होता.

वस्तीत ताप नाही, हा माझा मुद्दा होता, तो आता उरला नाही. त्या मुलांना समान जागा मिळाली पाहिजे हा मुद्दा तापावर अवलंबून नव्हता, पण मी तो तापाला बांधला, ही चूक झाली. वाद घालताना हाताशी आलेला पुरावा उचलण्याचा मोह होतो.

धोंडीबाच्या घरी गेलो. मुलाला ग्लानी होती.  धोंडीबा दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही.

आज असेही कळले की लालमहंमद गुरुजी गेले काही दिवस शाळेच्या ओट्यावर झोपतात. घरून जेवण येते ते उंबऱ्यावर ठेवतात, आणणारा लांब गेला की गुरुजी ते उचलतात. घरात काही तरी बिनसले असावे. बिबीजानचे दिवस भरत आलेले असताना हे बरे नव्हे.

११ जुलै

संध्याकाळी पाऊस लागला. शाळेवरून येत होतो. गुरुजी ओट्याच्या कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसले होते, पावसाचे तुषार त्यांच्या अंगावर येत होते.

मी म्हणालो, “गुरुजी, हे काय चाललंय? घरी चला.”

“हितं बरा हाय मी, साहेब.”

“घरात काही बोलाचाली झाली का?”

“तसं न्हाय. तिचं माझं कशाला वाजंल?” मग म्हणाले, “सभेपासनं लांबच ऱ्हातो. जरा दिस जाऊ द्या. तिची सुटका होऊ द्या.”

मला हे पटले नाही. अशा वेळी नवऱ्याने बायकोजवळ असले पाहिजे. बाप्ये अशा वेळी बाजूला होतात ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि मी तिच्याविरुद्ध बोललेलो आहे. मी तसे सांगितले.

“आज अंगात जरा कणकण बी हाय,” ते म्हणाले.

“म्हणूनच म्हणतो. पावसात झोपून ताप घ्यायचा आहे का?”

मी त्यांची वळकटी काखेत मारली आणि चालू लागलो. ते मागे आले. माझी छत्री दोघांना पुरली नाही म्हणून मी त्यांना जवळ ओढून घेतले. त्यांच्या दारात बिबीजान उभी होती. तिने पदर पुढे ओढला, त्यांच्याकडे बघितले आणि म्हणाली, “आइये, भाईसाब, अंदर आइये.” तिला बरे वाटले असावे. गुरुजी उंबऱ्याबाहेरच थांबले होते. मी म्हणालो, “जा की आत.” ते गेले.

एक चांगले काम झाले.

१२ जुलै

काल काय केले ते तारामतीला सांगितले तेव्हापासून ती बोलत नाही. कारण विचारले तर म्हणाली, “भाकरी थापू द्या.”

१५ जुलै, सोमवार

शाळा उघडली नाही. गुरुजी तापाने पडले आहेत, शिकवणार कोण? कुलूप तसेच आहे.

चार-पाच मुले पाटी घेऊन आली होती. त्यांना परत पाठवले. वस्तीतले एकही नव्हते. धोंडीबाच्या मुलाचा ताप उतरला आहे, पण धोंडीबा म्हणतो की पोरगं अजून भिंत धरून चालतंय.

दुपारी कळले की बिबीजानलाही ताप भरला.

१६ जुलै

अप्पांनी, कोणी न सांगता, आपली गाडी जुंपून दिली. धोंडीबा स्वतः ती हाकत नळदुर्गला गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला. अप्पांची गाडी धोंडीबाने हाकावी, हे महिन्यापूर्वी कोणी खरे मानले नसते. सभांचा परिणाम होतो.

डॉक्टर म्हणाले, तिच्या छातीत कफ भरला आहे. मोठ्या शहरांतही पोटुशा बायकांना हा ताप भारी जातो. त्यांनी विचारले, घरात आजार कोणी आणला? गुरुजी पलीकडच्या खाटेवर होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हणालो, शाळा तर बंदच आहे. डॉक्टर म्हणाले, “मग दुसरीकडून आला असेल.”

तारामती काल दुपारपासून गुरुजींच्या घरीच आहे.

१७ जुलै

पहाटे मुलगी झाली, दिवसांआधी. फार लहान होती. कानात अजान द्यायची असते, पण गुरुजींचा आवाज पूर्ण गेला आहे, ओठ हलले तरी शब्द येत नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्या वलीचाचांनी दिली. मुलगी दुपारपर्यंत होती.

संध्याकाळी कबरस्तानात गेलो. पाच-सात माणसे. गुरुजी अंगावर चादर घेऊन कडेला बसले होते, चालणे त्यांना झेपत नव्हते, धोंडीबाने धरून आणले होते. मला वाटले, दोन शब्द बोलावेत. मी पुढे झालो. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि हात थोडा वर केला. मी मागे सरलो. पाऊस थांबला होता.

बिबीजान जगेल असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

१९ जुलै

शाळा बंद होती. तरीही गुरुजींच्या घरात ताप शिरला, त्याच्या आधी अप्पांच्या घरात आणि वस्तीतही शिरला. म्हणजे मुले एकत्र बसल्याने साथ पसरते या समजुतीला निदान आपल्या गावात पुरावा मिळालेला नाही. मुले एकत्र बसलीच नाहीत. हा युक्तिवाद बिनतोड आहे. तो मी तारामतीपुढे मांडला.

ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, “पोरं न्हाय बसली. खरं हाय.”

आणि तिने चुलीतले लाकूड आत सारले.  युक्तिवाद बिनतोड असूनही मला तो सभेत मांडावासा वाटेना. कारण कळत नाही.

२६ जुलै, शुक्रवार

गुरुजी आले होते. ओट्यावर चढले नाहीत, अंगणात तुळशीपलीकडे उभे राहिले. आवाज अजून घोगरा आहे, खूप वाळले आहेत. बिबीजान उठून बसते, पेज घेते, असे सांगितले. तारामती आतून गूळ-पाणी घेऊन आली, तर म्हणाले, “तिथंच ठेवा, ताई. मी घेतो.”

मग मला म्हणाले, “साहेब, सोमवारपासनं शाळा उघडतो.”

मी थक्क झालो. म्हणालो, “घाई नाही, गुरुजी. तुम्ही बरे व्हा.”

“बरा हाय मी. घरात जपायचं होतं ते गेलं. आता कशाला कुलूप?”

मला भरून आले. मी म्हणालो, “गुरुजी, याला त्याग म्हणतात. सोमवारी गाव गोळा करून मी हे सगळ्यांना सांगणार आहे.”

ते म्हणाले, “त्याग न्हाय, साहेब. अन् सभा नको.”

“सभा नको म्हणजे?”

“माझी तेवढी एकच अट हाय. पोरं चिंचेखाली बसतील, हात-हात लांब. निम्मी आज, निम्मी उद्या. सगळी, वस्तीतली धरून. ज्याचा त्याचा पेला घरनं आणायचा. पण सभा नको. उद्घाटन नको, भाषण नको. मोठी माणसं गोळा करू नका.”

आजवर या माणसाने माझ्यापुढे अट घातली नव्हती. मी कारण विचारले.

 ते म्हणाले, “चावडीत लई जवळ बसतो आपण.”

मी म्हणालो, “माणसानं माणसाजवळ बसावं म्हणून तर सगळी खटपट.” आणि नेहमीच्या सवयीने खांद्यावर हात ठेवायला अंगणात उतरलो. ते दोन पावले मागे सरले.

“तिथनंच बोला, साहेब,” ते म्हणाले. रागाने नाही. वर्गात मुलाला सांगावे तसे.

अट मान्य केली. ते गेले.

महिनाभर आम्ही एकाच गोष्टीचा वाद घातला, मुलांनी कुठे बसावे आणि किती जवळ बसावे. तो वाद आम्ही कुठे बसून घातला आणि किती जवळ, याचा विचार…

नंतर लिहीन. आधी शाळा.

२७ जुलै

धोंडीबाकडे गेलो. मीही आज त्याच्या दारापासून लांब उभा राहिलो. तो म्हणाला, “का ओ दादा, आज लांब?” मी म्हणालो, गुरुजींची शिस्त आहे.

मुलांना चिंचेखाली बसवणार हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बदलला. “म्हंजी आमची बाहीर.”

“सगळीच बाहेर.”

“आप्पांची नातवं?”

“तीही बाहेर. अप्पांना विचारून आलो. त्यांनी नळदुर्गच्या माणसाला नको म्हणून सांगितलं.”

तो म्हणाला, “सगळीच बाहीर असली तर मंग बाहीर म्हणायचं कशाला?” आणि मुलाला हाक मारून म्हणाला, “ए, पेला घास तुझा.”

शाळा सोमवारी उघडते, हे गावाला कळवायचे आहे. सभा घ्यायची नाही. दवंडीचे काम धोंडीबाने गेल्या वर्षीच सोडले. ते सोडावे म्हणून मीच त्याच्या बाजूने बोललो होतो. अप्पा म्हणाले, “मग पुढारी, आता दवंडी कोण देणार? तुमच्यायेवढा आवाज गावात दुसऱ्या कुणाचा हाय?” तारामतीने घरातला रिकामा डबा काढून दिला आणि वर वाजवायला लाटणे दिले.

२८ जुलै, रविवार

आज दिवस मावळायच्या आत गल्लीगल्लीतून फिरायचे, कोणाच्या ओट्यावर चढायचे नाही, कोणाला गोळा होऊ द्यायचे नाही. त्यासाठी मजकूर छोटा हवा. पानभर लिहिले होते. निजाम, किल्ली, खिसा, कुलूप एकच असून सारखे नाही, सगळे होते. सगळे खोडले. इतके लहान भाषण मी आजवर केलेले नाही. उरले ते असे.

पिंपळखोरीच्या आईबापांनो, शाळा उद्या सकाळी चिंचेखाली उघडते आहे. मुलांना पाठवा. तुम्ही घरीच थांबा.